करवत्याचं जीवनचक्र: एका कल्पित खोडकिड्याचा फसलेला आणि सावरलेला हिशेब

वक्रा हा कल्पित ग्रह, खडसाल हे त्यावरचं कल्पित झाड आणि त्या झाडाच्या खोडात नऊ वर्षं काढणारा करवत्या हा कल्पित किडा. तिन्ही कागदावरचेच. पण कागदावरच्या किड्यालाही खावं लागतं, श्वास घ्यावा लागतो आणि कोरलेला भुसा कुठेतरी टाकावा लागतो. या प्रकरणात तपासायला आलेला पहिला आराखडा असा होता: ३० सेंमी लांबीची अळी, खोडाच्या गाभ्यातलं लाकूड खाणारी, सालीखाली नागमोडी बोगदा काढणारी, आयुष्यात पाच वेळा कात टाकणारी. मादी दोन हजार अंडी घालणार आणि बरोबर नवव्या वर्षी सगळे प्रौढ एकाच वेळी बाहेर पडणार. आराखडा देखणा होता. आकडे मांडल्यावर त्यातलं जवळपास काहीच टिकलं नाही, आणि जे मोडलं ते का मोडलं याचाच हा तपशील.

आधी ग्रह. वक्राचा तारा नारिंगी आहे. त्याचं वस्तुमान सूर्याच्या ०.७५ पट आणि तेज ०.२५ पट. पृथ्वीइतकी ऊब हवी तर ग्रह पृथ्वी-सूर्य अंतराच्या निम्म्यावर फिरायला हवा, आणि त्या अंतरावर केप्लरच्या तिसऱ्या नियमाने वर्ष भरतं पृथ्वीच्या १४९ दिवसांचं. (पुढे दिवस म्हटलं की पृथ्वीचे, वर्ष म्हटलं की वक्राचं.) अक्ष कललेला नाही, म्हणून आपल्यासारखे ऋतू नाहीत. कक्षा मात्र चांगलीच लंबगोल, विकेंद्रता (कक्षा वर्तुळापासून किती ढळली याचं माप) ०.२. ताऱ्याच्या सर्वांत जवळ असताना ग्रहाला मिळणारा प्रकाश सर्वांत दूर असतानाच्या सव्वादोन पट होतो. याचे दोन परिणाम किड्याच्या कामाचे आहेत. उन्हाळा साऱ्या ग्रहावर एकदम येतो, उत्तर-दक्षिण असा भेद नाही. आणि ग्रह जवळ असताना वेगाने पळतो, त्यामुळे वर्षाचा जवळचा अर्धा भाग ६५ दिवसांत उरकतो, दूरचा ८४ दिवस रेंगाळतो. समुद्र ही चढउतार बरीच बोथट करतात. ३० ते ५५ अक्षांशांच्या पट्ट्यात, जमिनीच्या आतल्या भागात, तापमान उणे ४ ते २६ अंश धरलं आहे. अळीला खाता येण्याइतकी ऊब वर्षातले साधारण ७० दिवस मिळते. हवेचा दाब पृथ्वीच्या १.३ पट, त्यात ऑक्सिजन २० टक्के.

त्या ऑक्सिजनच्या जोरावरच ३० सेंमीची अळी रचली होती. दाब जास्त, म्हणून दाबातला ऑक्सिजनचा वाटा ०.२१ ऐवजी ०.२६ वातावरण (पृथ्वीवरच्या हवेचा दाब म्हणजे १ वातावरण), कीटक श्वासनलिकांनी श्वास घेतात, तेव्हा जास्त ऑक्सिजन म्हणजे मोठं शरीर, हा युक्तिवाद. पृथ्वीवर सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी मेगॅन्युरासारख्या, चतुराच्या नात्यातल्या कीटकांचा पंखविस्तार ६५ ते ७० सेंमी होता हे खरं आहे, आणि त्या काळी ऑक्सिजन जास्त होता हेही खरं. पण मेगॅन्युरा उघड्यावर उडत होता. करवत्याची अळी राहते खोडात, आणि जिवंत खोडातली हवा बाहेरच्या हवेसारखी नसते. लाकडातल्या जिवंत पेशी श्वसन करतात, साल वायू सहज सोडत नाही, म्हणून पृथ्वीवरच्या झाडांच्या खोडात कार्बन डायऑक्साइड अनेकदा ३ ते १० टक्क्यांपर्यंत चढलेला आणि ऑक्सिजन उतरलेला सापडतो. बाहेरचा २० टक्के ऑक्सिजन बोगद्यात पोचेपर्यंत १४-१५ टक्क्यांवर आला, तर अळीच्या वाट्याला पृथ्वीवरच्या उघड्या हवेइतकाही उरत नाही. म्हणून अळी ९ सेंमी लांब आणि १६ मिमी जाड, वजन सुमारे १८ ग्रॅम इथवर आणली. तीही दांडगीच आहे.

खरा घोळ मात्र खाण्याचा. लाकूड कोरणाऱ्या अळीला ऊर्जेची कमतरता फारशी भासत नाही. लाकूड म्हणजे बहुतेक साखरेच्या साखळ्याच, त्या तोडणारे पाचक रस स्वतःचे किंवा पोटातल्या सूक्ष्मजीवांचे असले की झालं. टंचाई असते नायट्रोजनची. १८ ग्रॅमच्या अळीत कोरडा भाग सुमारे ६ ग्रॅम, त्यात ८ टक्के नायट्रोजन धरला तर अंग बांधायला ०.४८ ग्रॅम लागतो. गाभ्याच्या लाकडात, म्हणजे अंतःकाष्ठात, कोरड्या वजनाच्या ०.०३ टक्के नायट्रोजन धरला आणि त्यातला निम्मा अंगी लागला, तर अळीने आयुष्यभरात ३,२०० ग्रॅम कोरडं लाकूड खायला हवं. लाकडाची घनता ०.५ धरली की हे ६,४०० घनसेंमी, म्हणजे १८ मिमी रुंदीचा २५ मीटर लांब बोगदा.

लांबी एवढ्याने कोणी दचकणार नाही, नऊ वर्षं आहेत ना! पण वाढ सरळ रेषेत होत नसते. सुरुवातीची अळी मिलिमीटरभर डोक्याची असते आणि तिचं खाणं हिशेबात धरण्याजोगंही नसतं. एकूण खाण्यातलं ८० टक्के शेवटच्या चार वर्षांत होतं असं धरलं, तर ५,१२० घनसेंमी लाकूड २८० खाण्याच्या दिवसांत संपवायचं. म्हणजे रोज १८ घनसेंमी, ९ ग्रॅम कोरडं लाकूड, स्वतःच्या वजनाच्या निम्मं. कोवळा पाला खाणारा सुरवंट असले पराक्रम करतो. लाकूड खाणाऱ्या अळीच्या पोटातून अन्न इतक्या वेगाने गेलं तर पचन होणार कधी? आणि पचन अर्धवट राहिलं की निम्मा नायट्रोजन अंगी लागतो हे गृहीतकच पडतं, मग आणखी खायला हवं. आराखडा इथे मोडला.

दुरुस्तीचे तीन मार्ग होते. पहिला, अळीला गाभ्यातून काढून रसकाष्ठात आणणं. सालीलगतच्या या जिवंत लाकडात अन्नरस आणि पेशीद्रव्य असतं. तिथे नायट्रोजन ०.१ टक्के धरला तर हिशेब ९६० ग्रॅम लाकडावर, सुमारे १,९२० घनसेंमीवर येतो. बोगदा साडेसात मीटरचा, शेवटच्या चार वर्षांत रोज साडेपाच घनसेंमी, म्हणजे अळी दिवसाला सव्वादोन सेंमी पुढे सरकते. हे पटण्यासारखं आहे. दुसरा मार्ग, पोटात हवेतला नायट्रोजन बांधणारे जीवाणू ठेवणं. पृथ्वीवर वाळवीत आणि काही लाकूडखाऊ भुंगेऱ्यांच्या अळ्यांत असे जीवाणू आहेत, तेव्हा कल्पना उसनी असली तरी खोटी नाही. पण नायट्रोजनचा एक रेणू फोडायला एटीपीचे, म्हणजे पेशीतल्या ऊर्जावाहक द्रव्याचे, निदान १६ रेणू खर्ची पडतात आणि ते काम करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) ऑक्सिजन सोसत नाही. किड्याला हवं ते सगळं जीवाणूंनी दिलं की गोष्टीतली अडचणच संपते, म्हणून हा मार्ग राखून ठेवला. तिसरा मार्ग स्वस्त आहे आणि तो सरळ घेतला: अळी टाकलेली कात खाऊन टाकते.

रसकाष्ठात राहायचं ठरलं की नागमोडी बोगदा बाद होतो. झाडाचं पाणी रसकाष्ठातून वर चढतं, अन्नरस त्याच्या बाहेरच्या सालीतून खाली येतो. सालीखाली आडवी वळणं घेत जाणारी अळी हे दोन्ही मार्ग तोडते. पन्ना-हिरव्या रंगाचा अ‍ॅश-भुंगेरा उत्तर अमेरिकेत २००२ साली सापडला तेव्हापासून त्याने अ‍ॅशची कोट्यवधी झाडं मारली आहेत, ती अशाच वळणावळणाच्या बोगद्यांनी. खोडाभोवती सलग फास बसला की झाड काही वर्षांत वाळतं. करवत्याला झाड नऊ वर्षं जिवंत हवं आहे. म्हणून त्याचा बोगदा तंतूंच्या दिशेने उभा जातो: दीड-दोन मीटर वर, मग बोटभर बाजूला सरकून तितकंच खाली, अशा चार-पाच फेऱ्या. ४० सेंमी जाड खोडात ४ सेंमी रसकाष्ठ धरलं तर आडव्या छेदाचं रसकाष्ठ सुमारे ४५० चौरस सेंमी भरतं. एकेका बोगद्याचा छेद अडीच चौरस सेंमी, म्हणजे एकाच उंचीवर तीस बोगदे आले तरी पाण्याचा सहावा हिस्सा तुटतो. झाड कुरकुरेल, मरणार नाही.

इथे एक बारकावा आपोआप हाती लागतो. खडसालचं वर्ष १४९ दिवसांचं, म्हणून तिची वाढवलयं अरुंद, वर्षाला मिलिमीटरभर. अंडं जिथे घातलं तिथे सालीखाली तपकिरी डाग राहतो आणि त्यावर दर वर्षी एक नवं वलय चढतं. खोड कापून डागावरची वलयं मोजली की अळीचं वय कळतं. नऊ वर्षांच्या अळीचा डाग ९ मिमी आत गाडलेला असतो. वक्रावर वनाधिकारी कल्पायचा असेल तर त्याच्या हातात भिंग आणि पाजळलेली सुरी पुरे.

पाच वेळा कात टाकण्याचाही हिशेब जमत नव्हता. हॅरिसन डायरने १८९० साली सुरवंटांची डोकी मोजून दाखवलं की प्रत्येक कातेगणिक डोक्याची रुंदी ठरावीक पटीने वाढते. बहुतेक कीटकांत ही पट १.२ ते १.४ च्या आसपास असते. करवत्याचं डोकं अंड्यातून निघताना १.१ मिमी आणि शेवटी १३ मिमी. पाच कातींत एवढी वाढ बसवायची तर दर वेळी १.६४ पट हवी. आठ काती दिल्या की १.३६ पट येते. जास्त कातींचा आणखी एक फायदा आहे. जबड्याची धार झिजते आणि दोन कातींच्या मधे ती पुन्हा घडवता येत नाही. पृथ्वीवरच्या अनेक कोरणाऱ्या कीटकांच्या जबड्याच्या कडेत जस्त किंवा मँगनीज मुरलेलं असतं, करवत्यालाही जस्त दिलं आहे. तरीही एका टप्प्यात तीन वर्षं काढली तर शेवटच्या वर्षी अळी बोथट दातांनी लाकूड नुसतं घासत बसेल. लाकडात गाठ लागली, धार गेली, तर अळी एक जादा कात टाकते आणि वर्षभर मागे पडते.

आता भुसा, ज्याचा पहिल्या आराखड्यात उल्लेखही नव्हता. असल्या रचनांत तो हमखास राहून जातो. ९६० ग्रॅम लाकडातलं ३० टक्के पचलं तर ६७२ ग्रॅम भुसा मागे उरतो. मोकळ्या भुशाची घनता ०.२ धरली तर त्याला ३,३६० घनसेंमी जागा लागेल, आणि बोगदा आहे १,९२० चा. भुसा ०.३५ घनतेपर्यंत ठोकून बसवला तर बोगदा काठोकाठ भरतो, पण मग अळीला अंग वळवायला जागा उरत नाही आणि मागून हवाही येत नाही. म्हणून ठोकणं ०.३ पर्यंतच, आणि न मावणारा सातवा हिस्सा बाहेर. शेपटाकडच्या दोन कठीण गाठींनी अळी भुसा मागे रेटते, तो थरांनी बसतो, आणि बोगदा उभा चिरला तर तळहाताएवढ्या तुकड्यातही फिक्या-गडद पट्ट्या दिसतात: फिक्या उन्हाळ्यातल्या, दाट गडद पट्टी हिवाळा तोंडावर असतानाची. पाचव्या वर्षापासून अळी सालीत ३ मिमीचं भोक पाडते. तेच भुसा टाकायचं दार, तेच हवेचं. आणि सालटं उचकटणाऱ्या शिकाऱ्याला तिचा पत्ता लागतो तोही त्याच भोकाखालच्या भुशाच्या ढिगाने. मोठ्या अळ्या सर्वाधिक इथे मारल्या जातात.

घड्याळाचा प्रश्न सर्वांत मजेदार. अंधाऱ्या बोगद्यातल्या अळीला नववं वर्ष लागलं हे कळावं कसं? पृथ्वीवरच्या १७ वर्षांच्या सिकाड्यांवर, म्हणजे जमिनीखाली मुळांचा रस पिऊन १७ वर्षांनी वर येणाऱ्या कीटकांवर, एक सुरेख प्रयोग झाला होता, त्याचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. ज्या झाडांच्या मुळांवर पिल्लं जगत होती त्या झाडांना एका वर्षात दोनदा बहर आणवला, आणि सिकाड्या एक वर्ष आधी वर आल्या. म्हणजे त्या झाडाच्या रसातले फेरे मोजतात. करवत्याला अशी मोजदाद देता आली असती. पण लाकूडकिड्यांत सहसा वेगळी पद्धत दिसते, पुरेसं वजन आणि पुरेसा गारठा, आणि या प्रकरणात तीच बरी ठरली.

गारठा खोडात पोचतो का, हे आधी पाहावं लागलं. लाकूड उष्णता हळू सोडतं. वक्राचा दिवस ३० तासांचा आहे. लाकडातून उष्णता पसरण्याच्या नेहमीच्या गुणांकाने दिवस-रात्रीची तापमानलहर ७ सेंमी खोलीवर साधारण एक-तृतीयांशावर येते. वर्षाची लहर तितकी मंद व्हायला ७८ सेंमी लागतील, आणि खोडाची त्रिज्याच २० सेंमी. थोडक्यात, खोलवरच्या अळीला दिवस-रात्र कळत नाही, ऋतू मात्र स्वच्छ कळतो. म्हणून नियम असा ठेवला: हिवाळ्यात सलग ४० दिवस ५ अंशांखाली गेले, नंतर ऊब चढू लागली, आणि त्या वेळी वजन १४ ग्रॅमच्या वर असलं, तरच अळी कोषात जाते. कमी भरली तर आणखी एक वर्ष खात राहते. १८ ग्रॅम हे दणकट अळीचं पूर्ण वजन, १४ हा उंबरा. यामुळे 'बरोबर नऊ वर्षं' हे कलम गळतं आणि आठ ते अकरा वर्षं असा पसारा मिळतो. तो हवाच होता. एका वर्षी वणवा लागला किंवा शिकारी माजले, तरी उरलेल्या पिढ्या लाकडात सुरक्षित राहतात. त्या-त्या वर्षी बाहेर पडणारे मात्र एकाच आठवड्यात पडतात, कारण गारठा ओसरण्याची वेळ सगळ्यांना सारखी.

कोष किती खोल असावा हे ठरवताना ओढाताण झाली. २० सेंमी आत कोष केला तर ऋतूची लहर तिथे सुमारे ६ दिवस उशिरा पोचते. प्रौढ आयुष्य २० दिवसांचं असताना ६ दिवसांची चूक म्हणजे जोडीदार हुकणं. सालीलगत केला तर शिकाऱ्याची चोच पोचते आणि रात्रीचा गारठा नाजूक कोषाला बाधतो. ६ सेंमी हा मधला आकडा: उशीर दोन दिवसांहून कमी, रोजची लहर निम्म्याच्या आत. कोषाची कोठडी अळी हिवाळ्याआधीच खोदते. लांबी ११ सेंमी, भिंती लाळेने गुळगुळीत केलेल्या, बोगद्याकडच्या तोंडाला लांब तंतूंचा बोळा. मग ती १७ मिमी रुंदीची सरळ वाट बाहेरच्या दिशेने कोरते, सालीचा ३ मिमी पापुद्रा शिल्लक ठेवते, मागे परतते आणि डोकं बाहेरच्या बाजूला करून स्थिरावते. हे वळणं चुकलं तर सगळं वाया जातं. प्रौढाचे जबडे पापुद्रा फोडण्यापुरते असतात, त्याला कोषात उलटं फिरता येत नाही. आतल्या बाजूला तोंड करून मेलेले प्रौढ हे जुन्या खोडांत नेहमीचं दृश्य मानलं आहे. कोठडी ११ सेंमीऐवजी १० सेंमीची झाली तरी ९ सेंमीच्या अळीला वळता येत नाही.

कोषाला २२ दिवस. प्रौढ ९ ग्रॅमचा. हवा दाट आणि गुरुत्व पृथ्वीच्या ०.८ पट, त्यामुळे उडण्याबद्दल फारसं लिहिण्यासारखं नाही. मादी ताणाखालच्या झाडाकडे वासावर जाते. पृथ्वीवरचे अनेक सालकिडे जसे तहानलेल्या झाडातून सुटणाऱ्या एथेनॉलच्या वासाने येतात तसंच. जबड्याने सालीत आडवी खाच पाडून ती प्रत्येक खाचेत एकच अंडं ठेवते आणि त्यावर चिकट द्रवाचा थेंब सोडते. या थेंबात बुरशीचे बीजाणू असतात. अळीच्या पहिल्या दोन टप्प्यांत ही बुरशी लाकूड मऊ करून देते, पुढे अळी तिला मागे टाकून जाते. बुरशी नऊ वर्षं ठेवली असती तर खोड कुजून उन्मळलं असतं.

दोन हजार अंड्यांचं काय झालं ते एका भागाकारात कळतं. अंडं ४ मिमी लांब, १.६ मिमी जाड, आकारमान सव्वापाच-साडेपाच घनमिमी. दोन हजार अंडी म्हणजे जवळपास ११ ग्रॅम, खुद्द मादीपेक्षा जड. १२० अंडी धरली तर भार पाऊण ग्रॅमच्या आत येतो, आणि एका खाचेला २० मिनिटं लागली तरी ४० तासांचं काम, २० दिवसांत आरामात बसतं. संख्या टिकायची तर १२० पैकी दोन जगून पुन्हा अंड्यांच्या पिढीला लागले पाहिजेत. वाटणी अशी: ८४ अंडी फुटतात, त्यातल्या २१ अळ्या पहिल्या उन्हाळ्यात झाडाच्या चिकाच्या लोंढ्यातून वाचतात, ५ कोषापर्यंत पोचतात, ३ बाहेर येतात, २ जोडी जमवतात. चीक हा मोठा मारेकरी आहे. निरोगी खडसालवर घातलेली जवळजवळ सगळी अंडी बुडतात. तहानलेल्या झाडात चिकाचा दाब कमी, म्हणून मादीचं नाक एवढं महत्त्वाचं.

झाड मधेच मेलं तर अळी लगेच मरत नाही. लाकूड वाळतं, खाणं मंदावतं, वजनाचा उंबरा दूर जातो. पृथ्वीवर सोनेरी ब्युप्रेस्टिस भुंगेरा घराच्या लाकडातून ५१ वर्षांनी बाहेर आल्याची नोंद आहे, तेव्हा वाळक्या खडसालमधला करवत्या वक्राची २५-३० वर्षं रखडला तर आश्चर्य नाही. असे उशिरा निघालेले प्रौढ आकाराने लहान आणि मादीकडे अंडी जेमतेम ४०.

हा किडा दुसऱ्या ग्रहावर न्यायचा असेल तर पहिल्यांदा ५ अंशांची अट तपासावी. विकेंद्रता ०.२ वरून ०.१ वर आणली तर प्रकाशातला फरक सव्वादोन पटींवरून दीड पटीवर येतो, हिवाळा खोडात ४० दिवस टिकत नाही, आणि अळ्या कोषात न जाता १८ ग्रॅमच्याही पुढे खात सुटतात. अट ९ अंशांवर नेऊन हे सावरता येईल. कोणी त्याऐवजी अक्षाला १० अंशांचा कल दिला, आणि उत्तरेचा उन्हाळा ग्रह ताऱ्याजवळ असतानाच आला, तर उत्तर गोलार्धात दोन्ही परिणाम एकमेकांत मिळून गारठा पूर्ववत होतो. दक्षिणेत ते एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात, कोषाची वेळ कधी येतच नाही, आणि करवत्या फक्त उत्तरेचा किडा होऊन राहतो.